माया सोडून

जावाच्या दरबारी नृत्याचा पोशाख रंगमंचावर पाहताना नजर आधी डोक्यावरच्या सोनेरी मुकुटाकडे जाते, मग छातीवरच्या काळ्या मखमलीकडे, मग कमरेच्या बाटिककडे आणि शेवटी बोटांच्या चिमटीत धरून अलगद झटकलेल्या लांब ओढणीकडे. मी मात्र गेली काही वर्षे हे पोशाख बहुतेक वेळा उलटे करूनच पाहत आले आहे. बाहेरून झगमगणारी चोळी आतून कशी आहे, अस्तर कुठे टाचले आहे, टीप मशीनची आहे की हाताची, बाजूच्या शिवणीत किती कापड दुमडून ठेवले आहे, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईची ही जुनी खोड आहे. लग्नाच्या मांडवातही माझे लक्ष वधूच्या दागिन्यांपेक्षा तिच्या ब्लाउजच्या मुंढ्याकडे जाते.

हे सगळे हेगमध्ये घडते. इंडोनेशियाबाहेर इंडोनेशियन माणसे कुठे भेटतील, या प्रश्नाचे एक उत्तर वसाहतीच्या इतिहासाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. 27 डिसेंबर 1949 रोजी नेदरलँड्सने इंडोनेशियाचे सार्वभौमत्व मान्य केले आणि त्याच्या आगेमागे, 1945 पासूनच्या साधारण दोन दशकांत, सुमारे तीन लाख माणसे तिकडून इकडे आली. त्यांतली बरीचशी मिश्र वंशाची कुटुंबे होती. त्यांना इथे ‘इंडो’ म्हणतात. अनेकांनी हॉलंड त्यापूर्वी कधी पाहिलेलेही नव्हते. 1959 मध्ये याच लोकांनी हेगमध्ये आपली जत्रा सुरू केली, ती पुढे मालीफेल्डच्या मैदानावर मोठमोठ्या तंबूंत भरू लागली आणि टाँग टाँग फेअर म्हणून ओळखली गेली. त्यांच्यामागून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतले जावानीज आले, मग शिकायला आलेली मुले, रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका आणि लग्न करून आलेल्या मुली आल्या. या सर्वांना बाहेरचे लोक एकाच नावाने ओळखत असले, तरी त्यांची भाषा, धर्म, आठवणी आणि स्वयंपाकातले तिखटाचे प्रमाण यांत फारसे साम्य नाही. एकत्र बसण्याचे निमित्त मात्र त्यांना लागते, आणि नाच हे त्यांतले सर्वांत सोपे निमित्त असते.

आमच्या शिवणगटाला नाव नाही. वस्तीतल्या सभागृहाची मागची खोली आम्हाला शनिवारी मिळते, तिथे दोन लांब टेबले आणि भिंतीला लागून एक कपाट आहे. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई बांडुंगला जन्मल्या आणि लहानपणी बोटीने इथे आल्या. त्यांना सगळे तान्ते म्हणतात, तशी मीही म्हणते. दुसऱ्या सुरिनामच्या, कोमेवेइन नदीकाठच्या मळ्याच्या गावातल्या. त्यांना आम्ही बु म्हणतो. तिसरी जावातल्या सोलो शहरातून आलेली परिचारिका आहे, ती सगळ्यांची म्बाक, म्हणजे ताई. बाकी मुली येतात आणि जातात. मी तिथे पोहोचले ती नऊवारीमुळे. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लावणीच्या मुलींसाठी मी शिवलेल्या नऊवाऱ्या केल्या होत्या, त्या म्बाकने पाहिल्या. तिने मला निऱ्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. कमरेचा पट्टा उलटा केला, आतली शिवण बोटाने चाचपली आणि विचारले, “ताई, उंच मुलगी आली तर हे किती सैल होईल?”

तो प्रश्न ऐकूनच मी त्या खोलीत गेले, कारण माझ्या मते सगळे काम त्या प्रश्नातच आहे. परक्या देशात राहणाऱ्या समाजाचा नृत्यपोशाख कोणा एकाच्या मापाचा असूच शकत नाही. आज जी मुलगी गाम्ब्योंग हा जावाचा नाच करते, ती दोन वर्षांनी शिकायला दुसऱ्या शहरात जाते. तिच्या जागी येणारी तिच्यापेक्षा वीतभर उंच किंवा रुंद असते, कधी तिची आई जावानीज असते आणि वडील फ्रिजलँडचे धिप्पाड शेतकरी असतात. पोशाख तोच राहतो, आतले अंग बदलत जाते. म्हणून हाताने शिवलेल्या पोशाखाचे मोल त्याच्या सुबकपणात मला तितकेसे दिसत नाही, जितके तो पुन्हा उसवता येतो यात दिसते. नवा पोशाख कुणीही पैसे टाकून मागवू शकते. जुना उसवून, सैल करून, पुन्हा अंगावर बसवायला मात्र आतून रस्ता ठेवलेला असावा लागतो.

जावाच्या नृत्यातली बिनबाह्यांची मखमली चोळी, जिला मेकाक म्हणतात, ती करायला घेतली की हे लगेच कळते. मखमल हे मोठे मानी कापड आहे. तिची लव एका दिशेने झुकलेली असते, हात खालून वर फिरवला तर गडद दिसते, वरून खाली फिरवला तर फिकट; त्यामुळे बेतताना सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर रंगमंचावरच्या दिव्यांत चोळीचा अर्धा भाग काळा आणि अर्धा राखाडी दिसतो. तिच्यावर थेट इस्त्री चालत नाही, कारण लव एकदा दबली की उठत नाही. मखमलीच्या मागे कडकपणासाठी बकरम आणि त्यामागे सुती अस्तर लावायचे, तेही असे की चोळीने घाम शोषावा पण आकार सोडू नये, कारण खांद्यावर पट्टी नसलेल्या या वस्त्राला जागेवर ठेवणारे दुसरे काही नसते. तान्ते बाजूच्या दोन्ही शिवणींत चांगली दोन-दोन बोटे माया, म्हणजे पुढे सैल करायला जादा कापड, सोडतात. मखमल महाग असल्याने नवख्या मुलींना ती उधळपट्टी वाटते. त्यांना त्या रागावत नाहीत, फक्त एक जुनी चोळी काढून आतल्या बाजूने दाखवतात. तिथे एकापलीकडे एक अशा जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा दिसतात आणि प्रत्येक रांग म्हणजे त्या चोळीत नाचून गेलेली एक वेगळी मुलगी असते.

मण्यांचे काम मात्र त्या स्वतः करतात आणि ते करताना कुणाशी बोलत नाहीत. चोळीच्या काठाने सोनेरी मणी आणि टिकल्यांची वेल जाते. ती वेल एका लांब दोऱ्यात ओवून पटापट टाचली तर तासाभरात होते, पण मग एक दोरा तुटला की अख्खी वेल रंगमंचावर सांडते. त्यामुळे प्रत्येक मण्याला उलटा टाका आणि दर तीन-चार मण्यांनंतर मागच्या बाजूला गाठ, असा त्यांचा नियम आहे. शिवाय वेल बाजूच्या शिवणीवरून जाताना त्या तिथे मुद्दाम थांबतात. शिवणीच्या अलीकडे गाठ मारून दोरा तोडतात आणि पलीकडे नव्याने सुरू करतात, म्हणजे पुढे चोळी सैल करायची वेळ आली तर भरतकामाला धक्का न लावता शिवण उघडता येते. समोरून पाहणाऱ्याला वेल अखंड दिसते. मी आयुष्यभर ब्लाउज शिवले, आरीकामाचेही शिवले, पण ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. आपल्याकडच्या नवरीच्या भरजरी ब्लाउजच्या बाजूला नक्षी न आणण्याची पद्धत आहे खरी, पण शिवणीवरून नक्षी नेऊनही शिवण मोकळी ठेवायची ही हुशारी त्यापुढची आहे.

सामान कुठून येते, हाही एक सुरस विषय आहे. आठवड्यातून चार दिवस भरणाऱ्या हेगच्या मोठ्या बाजारात अस्तर, बकरम, इलॅस्टिक आणि हुक स्वस्तात मिळतात. चांगल्या मखमलीसाठी तान्ते उट्रेख्टला जायचा आग्रह धरतात. तिथे ब्रेडस्ट्राटवर शनिवारी कापडाचा बाजार भरतो आणि तो 1597 पासून भरत आला आहे, हे त्या दर वेळी अशा थाटात सांगतात, जणू त्या पहिल्या दिवशी हजर होत्या. आमचा शनिवार त्यात जातो, पण कुणी तक्रार करत नाही. जरीचे काठ, गोटा आणि टिकल्या मात्र पॉल क्रूगरलानवरच्या हिंदुस्तानी दुकानांतून येतात. या दुकानांचे मालक सुरिनामी हिंदुस्तानी आहेत, म्हणजे 5 जून 1873 रोजी लल्ला रूख जहाजातून पारामारिबोला उतरलेल्या आणि त्यानंतर गेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज. भोजपुरी पूर्वजांच्या पणतवंडाच्या दुकानात, सुरतेत विणलेला गोटा, सुरिनामच्या जावानीज बाई डच भाषेत घासाघीस करून विकत घेतात आणि तो सोलोच्या दरबारी नाचाच्या चोळीवर लागतो. मी पहिल्यांदा बुंबरोबर तिथे गेले तेव्हा मला वाटले होते की मी दुभाषाचे काम करीन. दुकानदाराने माझ्या हिंदीकडे काणाडोळा केला आणि बुंना त्यांच्या आईची तब्येत विचारली.

गोटा लावला म्हणून पोशाख बाटला का, असा प्रश्न कधीकधी इंडोनेशियातून आलेले पाहुणे विचारतात. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे एक कापड आहे. जावाच्या राजवाड्यांतल्या बेधाया नृत्यात नर्तकींच्या पोशाखासाठी जे मानाचे रेशीम वापरत, ते चिंदे म्हणजे गुजरातच्या पाटणचे पटोळे. डच ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून ही पटोळी जहाजांनी भरभरून नेली आणि तिकडच्या राजेरजवाड्यांना नजराणे म्हणून दिली. त्यातली आठ पाकळ्यांच्या फुलांची जाळी पुढे जावाच्या बाटिकमध्ये जलाम्प्रांग नावाने उतरली. आणि पाटणचे साळवी विणकर मूळचे कुठले, तर बाराव्या शतकात कुमारपाल राजाने ही घराणी जालन्याहून बोलावून नेली, अशी परंपरा सांगतात. आमच्या कपाटातले चिंदे अर्थातच सुती आहे आणि त्यावरची नक्षी छापील आहे. खरे पटोळे या गटाच्या सात पिढ्यांच्या वर्गणीतही येणार नाही. पण लाल जमिनीवरची ती फुले टेबलावर अंथरली की मी जालन्याची गोष्ट एकदा तरी सांगतेच, आणि म्बाक एकदा तरी म्हणतेच, “म्हणजे ताई, तुम्ही इथे उशिराच आलात.”

तयार पोशाख मिळत नाहीत असे नाही. बालीतल्या सुकावतीच्या बाजारातून लेगोंग या बालीच्या नाचाचा अख्खा साज, डोक्यावरच्या मुकुटापासून, म्हणजे गेलुंगानपासून, दंडातल्या कड्यांपर्यंत, घरपोच येतो. त्यातले कातडीकाम चांगल्या कारागिराचे असेल तर त्याला तोड नाही. म्हशीच्या किंवा गायीच्या कच्च्या कातडीवर छिन्नीने पाडलेली बारीक जाळी आणि तिच्यावर चढवलेले सोनेरी पाणी हे आमच्यापैकी कुणालाही येत नाही, आणि येते असा आव आम्ही आणत नाही. म्हणून मुकुट तिकडूनच येतात, तेही विमानात मांडीवर बसून. ते जमिनीवर ठेवायचे नाहीत हा बालीचा दंडक आहे आणि हवाई सुंदरीला तो समजावून सांगणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. खटकतो तो स्वस्तातला माल, ज्यात कातडीऐवजी फोम असतो आणि खडे शिवण्याऐवजी गरम गोंदाने डकवलेले असतात. बालीच्या हवेत तो गोंद टिकत असेल. इथे जानेवारीच्या रात्री गाडीच्या डिकीत पोशाख राहिला की गोंद थंडीने ठिसूळ होतो, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उघडावी तर खडे तळाशी आणि वर नुसते डाग. शिवाय डकवलेली गोष्ट उघडता येत नाही, ती फाडावीच लागते. त्या पोशाखांना सैल करायची सोयच नसते. ज्या अंगासाठी ते बनले, त्याच्यापुरतेच ते असतात.

याची खरी परीक्षा आमच्याकडच्या घटोत्कचाने घेतली. जावामध्ये महाभारताची पात्रे इतकी घरची आहेत की गातोतकाचा, म्हणजे आपला घटोत्कच, तिथे लहान मुलांचा लाडका वीर आहे. तो आकाशात उडतो, आणि त्याचे स्नायू तारेचे नि हाडे लोखंडाची असल्याचे सांगतात. त्याच्या पाठीवर कोरीव सोनेरी कातडीची प्राबा असते, पंखांसारखी पसरलेली, आणि छातीवर तारा. आमच्याकडे ही भूमिका करणारा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना आला आणि मग जो वाढत सुटला, तो थांबेचना. दर कार्यक्रमाआधी त्याला टेबलाशेजारी उभे करून माप घ्यायचे, आणि मागच्या वेळचे माप हसण्यावारी न्यायचे. छातीवरचे मखमली कापड दोन वेळा सैल केले, मग माया संपली, तेव्हा बुंनी बगलेखाली वेगळ्या कापडाचे उभे तुकडे घातले आणि ते दंडाच्या आडोशाला झाकून टाकले. प्राबाचे पट्टे आधी शिवलेले होते. ते उसवून त्यांना बुटासारख्या दोऱ्या लावल्या. मुलगा आता सहा फुटांच्या पुढे गेला आहे, आवाज फुटला आहे, आणि उडी मारून खाली येतो तेव्हा लाकडी व्यासपीठ हादरते. मूळ कापडातला निम्मा भाग तरी अजून त्याच्या अंगावर आहे.

बुंना अशा तुकडे जोडण्याच्या कामाचे काहीच वाटत नाही, कारण त्यांचा अख्खा वारसाच तसा आहे. 9 ऑगस्ट 1890 रोजी जावाहून आलेले पहिले 94 मजूर सुरिनामला उतरले आणि मारियनबुर्गच्या उसाच्या मळ्यात कामाला लागले. 1939 पर्यंत असे सुमारे 33,000 लोक पाच-पाच वर्षांच्या करारावर तिकडे गेले. त्यांच्याजवळ काशाची वाद्ये नव्हती, म्हणून त्यांनी गामेलान, म्हणजे जावाचा वाद्यवृंद, लोखंडाचे घडवले, आणि त्याचा तो काहीसा कोरडा, खणखणीत नाद सुरिनामच्या जावानीज माणसाला आजही खरा वाटतो. बाटिक येणार कुठून, म्हणून मिळेल ते छापील कापड कमरेला आले. विणलेल्या घोड्यावर स्वार होऊन नाचायचा जारान केपांग मात्र त्यांनी सोडला नाही. तान्तेंच्या लेखी पोशाखाची कसोटी ही बांडुंगची, बालपणी पाहिलेली. म्बाकच्या लेखी सोलोच्या राजवाड्याची. आणि बुंच्या लेखी त्यांच्या आजीने मळ्यावर जे घातले त्याची. तिघी एकमेकींना मनातून थोडे चुकीचे समजतात. तरी कात्री एकच असल्यामुळे निभावते.

एका नाचापुढे मात्र तिघींचे मतभेद गळून पडतात, तो म्हणजे सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांताचा रांगेत बसून करायचा नाच. बाहेर सगळे त्याला ‘सामान’ या नावाने ओळखतात. खरा ‘सामान’ नाच आचेतल्या गायो प्रदेशातले पुरुष करतात आणि 2011 मध्ये युनेस्कोने त्याला तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. मुली करतात तो बहुतेक वेळा रातोह जारोए असतो, जो 2018 च्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला जाकार्तात सुमारे सोळाशे शाळकरी मुलींनी एकाच लयीत करून दाखवला. गामेलान नको, मोठी जागा नको, गुडघ्यांवर बसून छातीवर, मांडीवर आणि शेजारणीच्या हातावर टाळी द्यायची, त्यामुळे परदेशातल्या प्रत्येक विद्यार्थी मंडळाला हा नाच परवडतो. पोशाख दिसायला साधा, पण शिवायला जिकिरीचा. रांगेतल्या प्रत्येकीची बाही मनगटावर अगदी एकाच ठिकाणी संपली पाहिजे, कारण वेग वाढला की प्रेक्षकाला चेहरे दिसत नाहीत, फक्त मनगटांच्या पट्ट्यांची एक रेघ खालीवर होताना दिसते. एक पट्टी बोटभर वर असली की ती रेघ मोडते. त्या आठवड्यांत आमच्या खोलीचा अगदी कारखाना होतो. एकजण बेतते, एकजण कच्चे टाके घालते, मी मशीनवर असते, आणि बाह्या मात्र मुलीला बसवून, हात छातीवर घ्यायला लावून, मगच पक्क्या होतात; उभे राहून घेतलेले माप इथे कामाचे नाही.

वाद होतात ते अंग किती झाकावे यावरून. मेकाक खांदे उघडे ठेवते. आमच्या गटात डोक्यावर ओढणी घेणाऱ्या मुली आहेत, त्यांना गाम्ब्योंग करायचा असतो आणि उघड्या खांद्यांनी करायचा नसतो. म्बाकने त्यांच्यासाठी अंगाच्या रंगाचे, चिकटून बसणारे, लांब बाह्यांचे आतले वस्त्र शिवायचे ठरवले. इंडोनेशियातही आता हे सर्रास दिसते. तान्तेंना ते अजिबात पटले नाही. खांदा आणि मानेची रेघ हाच त्या नाचाचा अर्धा अभिनय आहे, तो झाकला तर उरले काय, असे त्यांचे म्हणणे होते, आणि नाचाच्या बाजूने पाहिले तर ते मला पटते. पण त्या मुलीला बाजूला बसवून नाच शुद्ध ठेवणे मला पटत नाही. अखेर वस्त्र झालेच, आणि गंमत म्हणजे त्यासाठी योग्य रंग शोधायला सर्वांत जास्त कष्ट तान्तेंनी घेतले. बाजारात ‘अंगाचा रंग’ म्हणून मिळणारे कापड एका विशिष्ट गोऱ्या अंगाचे असते. ते आमच्या कुणाच्याच अंगाचे नव्हते. त्यांनी पांढरे कापड आणून घरी चहाच्या पाण्यात रंगवले, वेगवेगळ्या मुलींच्या मनगटाशी धरून पाहिले, पुन्हा बुडवले आणि वाळवले.

ठेवणीचा प्रश्न वेगळाच. बालीचे प्रादा कापड, ज्यावर पूर्वी सोन्याचा वर्ख लावत आणि आता सोनेरी छपाई असते, ते धुता येत नाही. तिकडे उन्हात टाकले की काम भागते. हॉलंडच्या उन्हावर असा भरवसा ठेवून चालत नाही. कच्ची कातडी दमट हवेत मऊ पडते, बुरशी धरते, आणि हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने वळते. म्हणून बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या कुणीही फेकायच्या नाहीत, सगळ्या कपाटात आणून टाकायच्या, असा गटाचा अलिखित नियम आहे. घामाच्या वासासाठी युरोपातल्या नाटकवाल्यांचा उपाय म्हणजे आतल्या बाजूने व्होडका फवारणे. आमच्याकडे त्याऐवजी म्बाकने रुग्णालयातल्यासारखे स्पिरिट आणून ठेवले आहे, आणि ते चालते की नाही यावर एकदा धर्मचर्चाही होऊन गेली. मुकुटावरची देवचाफ्याची फुले बालीत रोज ताजी खोचतात. इथे ती पातळ फोमची कापून, कडेला पिवळा रंग भरून, आम्ही हातानेच करतो. मी मुलुंडच्या घराच्या दारातल्या चाफ्याच्या आठवणीने पाकळ्या कापते आणि तान्ते दर वेळी सांगतात की त्या फार रुंद झाल्या.

लाइडनच्या संग्रहालयात इंडोनेशियातल्या वस्तूंचा प्रचंड साठा आहे. 2023 च्या जुलैमध्ये डच सरकारने इंडोनेशिया आणि श्रीलंकेला मिळून 478 वस्तू परत केल्या, त्यांत लोम्बोक बेटाचा लुटलेला खजिनाही होता, तेव्हा या खोलीत दिवसभर दुसरा विषय नव्हता. तान्ते म्हणाल्या, उशीर केला. बु म्हणाल्या, आमच्या आजोबांना कोण परत करणार. मी संग्रहालयात गेले की काचेपलीकडच्या वस्त्रासमोर मान वाकडी करून उभी राहते, पण आतली शिवण काही दिसत नाही, आणि जपणारे ती दाखवायला बांधीलही नाहीत. त्यांचे काम वस्त्र आहे तसे ठेवण्याचे आहे. आमचे काम नेमके उलटे आहे. आमच्या कपाटात जे आहे ते जसेच्या तसे राहिले तर पुढच्या ऑगस्टमध्ये, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला, ते कुणालाच होणार नाही. ‘हा पोशाख अस्सल आहे का’ असे प्रेक्षकांतले कुणी विचारले की मला उत्तर देणे जड जाते, कारण चोळीची पाठ मूळची, पोट नवे, काठ भारतातला आणि मणी कुणाच्या तरी मोडलेल्या माळेतले, अशी एकाच वस्त्राची चार वये असतात. म्बाक त्यांना सरळ सांगते, “नाच बघा ना.”

सध्या खोलीत दोन गोष्टींवरून वाद चालू आहे. पहिली माझ्यामुळेच निघाली. जावाच्या कमरवस्त्राच्या पुढच्या टोकाला बारीक, एकसारख्या चुण्या घालतात, त्यांना विरू म्हणतात; सोलोच्या पद्धतीत कापडाचा पांढरा काठ आत दुमडून लपवतात आणि योग्याकार्ताच्या पद्धतीत तो मुद्दाम बाहेर दिसू देतात. हे विरू घालून, चिमटे लावून, वजनाखाली रात्रभर ठेवावे लागतात, आणि कार्यक्रमाच्या घाईत ते विस्कटतात. शिवलेल्या नऊवारीच्या निऱ्या जशा कायमच्या बसवता येतात, तशा याही बसवाव्यात, असे मी सुचवले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तान्तेंनी मात्र विचारले की उंच मुलगी आली तर चुण्या मोकळ्या कशा होणार. म्हणजे म्बाकने मला पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्नच, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर होते: फक्त कमरेशी, पट्ट्याच्या आत, हाताचे टाके, खाली चुण्या मोकळ्याच. ते मान्य झाले.

दुसरा वाद चेनचा आहे. दोन नाचांमध्ये पोशाख बदलायला मोजकी मिनिटे मिळतात आणि पाठीवरचे एकेक हुक लावत बसणे तेवढ्यात जमत नाही, म्हणून म्बाकला नव्या मेकाकच्या पाठीला चेन हवी आहे. चिकटणारी पट्टी आधी लावून पाहिली होती. ती ओढणीच्या झिरझिरीत कापडाला धरून बसते आणि शांत गामेलानमध्ये विंगेतून ओरबाडल्यासारखा आवाज येतो, म्हणून ती बाद झाली. तान्तेंच्या मते चेन म्हणजे माप कायमचे ठरवून टाकणे. हुकांच्या दोन रांगा लावल्या तर निदान सैल-घट्ट करता येते. मी मध्यममार्ग म्हणून चेनच्या दोन्ही अंगांना रुंद पट्ट्या सोडून एक नमुना केला. तान्तेंनी तो हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलून आतली शिवण नखाने थोडी उचकटली आणि म्बाककडे सरकवला. “ठीक आहे, लाव तुझी चेन,” त्या म्हणाल्या, “पण हाताने टाच. मशीनची टीप तुला उसवायला जाम नको होईल.” म्बाकने शुक्रवारी बाजारातून तीन रंगांच्या चेन आणल्या आहेत आणि त्यांतली एकही मखमलीच्या काळ्याला जुळत नाही, त्यामुळे काम तूर्तास तिथेच अडले आहे.